खजिन्याचा नकाशा वाचायचा कसा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बदलापूरच्या आमच्या घरी धाकट्या भावाबरोबर मी ‘द गूनीज’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला. रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८५ सालचा, म्हणजे तसा जुनाच; पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कुदळ घेऊन परसातल्या आंब्याखाली खणताना सापडला! घरात सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

कथा साधी आहे. कर्जापायी काही कुटुंबांवर राहती घरे सोडण्याची पाळी आलेली असते. अशात मायकी या मुलाला माळ्यावर एका चाच्याच्या खजिन्याचा नकाशा सापडतो आणि मित्रमंडळी भुयारात उतरतात. अशा चित्रपटांचा डोलारा बहुधा चार खांबांवर उभा असतो. पहिला खांब गरजेचा. नुसत्या हावेने निघालेल्या नायकावर प्रेक्षकांचा जीव जडत नाही. दुसरा खुणेचा, थोरांनी अडगळ म्हणून टाकलेला कागद मूल वाचते. तिसरा अडथळ्यांचा, येथे हाडांचे एक वाद्य आहे, त्यावर चुकीचा सूर वाजला की पायाखालची जमीन कोसळते. चौथा खलनायकाचा, तो नकाशा वाचत नाही, नुसता मागून येतो. शेवटी मुले चाच्याचा स्वतःचा वाटा तसाच ठेवतात; लोभी टोळी त्याला हात लावते आणि सापळा सुटतो. जहाज निघून जाते. मूठभर रत्ने तेवढी उरतात, पण घरे वाचवायला ती पुरतात. मराठीतही श्रीरंग गोडबोले यांच्या ‘चिंटू २’ (२०१३) मध्ये मुलांनी खजिन्याचा शोध घेतला आहे.

सारांश, या कथांत जो वाचतो त्याला मिळते. जो नुसता खणतो त्याला नाही.

आता आजीविषयी. तिच्या धाकट्या दिराला एका भगताने सांगितले, ‘ओटीखाली सोने आहे.’ तीन महिने खणणे चालले. भगताच्या दक्षिणेपायी बैलजोडी गेली, मग खालचे शेत गेले, आणि शेवटी पाया उघडा पडून ओटीची भिंत बसली. हाती लागली ती माती. असे प्रकार आपल्याकडे विरळा नाहीत. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टरला कळवावे लागते.

हे ऐकून भाऊ हिरमुसला. ‘मग शोधायचं तरी काय, दादा?’

मी त्याला लोकलने अंबरनाथला नेले. वालधुनीकाठचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचे खरे वय सांगणारा लेख उत्तरेकडील दारावर कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ असल्याचे दाखविले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले! यासाठी कोणी एक टोपलीही माती उपसली नव्हती.

भाऊ बराच वेळ मान वर करून त्या दाराकडे पाहत उभा होता. घरी आल्यावर त्याने आंब्याखालचा खड्डा आपणहून बुजवला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून रोज गाडीने येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते, की एखाद्या रविवारी तेथे जरूर जावे. लिपी जाणणारे कोणी सोबत असेल तर उत्तमच. कुदळ मात्र घरी ठेवावी.