गाडी डिझेल का ओढत नाही? पिकअपच्या इंधनमार्गातला दोष शोधताना

नशिराबादला आज समोर निम्मे चालक आणि निम्मे गॅरेजवाले दिसताहेत, त्यामुळे आपण थेट मुद्द्यावर येऊ. रावेर-यावलकडून केळी भरलेली पिकअप रात्री निघते आणि माल ठरल्या वेळी पोचवायचा असतो. गाडी वाटेत श्वास टाकते, ‘घुर्र घुर्र’ करून बंद पडते. मग कुणीतरी सांगतं, ‘भाऊ, नोझल गेले, चारही बदला.’ मालकाचा महिन्याचा नफा तिथेच संपतो. पुष्कळदा नोझल चांगलेच असतात, आणि पैसे घालूनही दोष जागेवरच राहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आधी लक्षात घ्या. हवा दाबून इतकी तापवायची, की तीत उडवलेलं इंधन आपोआप पेटलं पाहिजे. या कल्पनेच्या पेटंटासाठी रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये अर्ज केला होता. म्हणजे इंधन योग्य वेळी, योग्य मापात आणि बारीक तुषार होऊनच आलं पाहिजे. जुन्या पिकअपमध्ये हे काम यांत्रिक पंप करायचा. आताच्या कॉमन रेल गाड्यांत रेलमधला दाब दीड हजार बारच्याही वर जातो. एका चौरस सेंटिमीटरवर दीड टन वजन ठेवलंय असं समजा. ही पातळी गाठायची तर पंपाला मागून अखंड, स्वच्छ डिझेल मिळायला हवं.

वाट साधी आहे. टाकी, जाळी, पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, पंप, रेल, इंजेक्टर. आणि उरलेलं डिझेल परत टाकीत. दोष शोधायचा तो टाकीकडून पुढे. आमच्याकडची मंडळी नेमकी उलटी, इंजेक्टरकडून मागे येतात.

पहिली गोष्ट टाकीचं झाकण. त्याचं हवेचं छिद्र धुळीने बुजलं, तर डिझेल जसजसं कमी होतं तसतशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढणं जड जातं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर छान चालते, मग दम टाकते, थोडा वेळ थांबवली की पुन्हा चालते. असं झालं तर झाकण सैल करून बघा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर खर्च शून्य.

आता हवा धरणं. यावर आपण जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. पाइपला चीर असेल तर डिझेल गळायला पाहिजे, असं वाटतं ना? पण टाकी ते पंप हा भाग बहुतेक गाड्यांत ओढीचा असतो. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंबही दिसत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरतं, आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. प्रायमरचा हातपंप दाबला की लगेच सुरू होते, हीच खूण. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडा आणि गाडी चालू करा. बुडबुडे सतत दिसले तर मागे जात जात सांधा पकडा. बहुतेक वेळा कडक झालेला रबरी पाइप, सैल क्लिप किंवा पुन्हा वापरलेलं तांब्याचं वॉशर निघतं. वॉशर नवीनच टाका, तिथे काटकसर नको.

गाडी मोकळी असताना छान चालते आणि कन्नड घाटात भरलेली असली की ओढत नाही, तर आधी फिल्टरकडे बघा. थोडं डिझेल तर तो देतोच, जास्त मागितलं की कमी पडतो. फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये कॅनमधून डिझेल ओतू नका, निदान कॉमन रेलला तरी. स्वच्छ बाजूला गेलेला कण थेट पंपात जातो, आणि आतल्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. प्रायमरनेच भरा. खालचा स्क्रू सोडून पाणीही काढत जा. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. पाण्याने पंप गंजतो, आणि त्याचं वंगणही जातं. कारण पंपाला वंगण डिझेलच देतं. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवायची नाही, ते याचसाठी.

मागून एक प्रश्न आलाय : ‘उन्हाळ्यात गरम गाडी बंद केली की पुन्हा लागत नाही, तासाभराने लागते. का?’ आपल्या खानदेशातला नेहमीचाच अनुभव. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्यात इंजिनची उष्णता. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून आतल्या आत निसटतं. सुरू होण्याइतका दाब बनत नाही. जुन्या यांत्रिक पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी लागली, तर पंप झिजलाय असं समजा. कॉमन रेलमध्ये चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन काही मिनिटं चालू ठेवा. एकच बाटली भरभर भरली, तर तोच इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर पाठवा. बाकीच्या तिघांना हात लावायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. जुन्या गाडीत इंजिन चालू ठेवून एकेक नट सैल करून बघायची सवय होती. कॉमन रेलवर हे अजिबात करू नका, आणि गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते. बाहेर सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट जाऊ शकतं. असं कुणाला झालं, तर दुखत नसलं तरी तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा.

पुढच्या भागात रेलचा प्रेशर सेन्सर आणि स्कॅनरवरचे आकडे कसे वाचायचे ते पाहू. बाटल्यांची चाचणी मात्र आताच करू, बाहेर गाडी उभी आहे.