गॅबियन धारक भिंत
गॅबियन धारक भिंत : पोलादी तारेच्या जाळीच्या पेट्या दगडांनी भरून, त्या एकमेकींना तारेने शिवून व थरांवर थर रचून तयार केलेली आणि मागील माती केवळ स्वतःच्या वजनाने थोपवून धरणारी भिंत. ‘मोठा पिंजरा’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडले. यूरोपात वेढ्याच्या युद्धात तोफांना आडोसा म्हणून झाडांच्या फोकांच्या विणलेल्या टोपल्या मातीने भरून रांगेने उभ्या करीत, त्यांनाही हेच नाव होते. तारेच्या जाळीचे गॅबियन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. इटलीतील बोलोन्याजवळ रेनो नदीवरील कासालेक्कियो येथील काम हे त्यांपैकी आरंभीचे होय. महाराष्ट्रात हा प्रकार मृद्‌ व जलसंधारणाच्या कामांमुळे ‘गॅबियन बंधारा’ या नावाने खेडोपाडी परिचित आहे. बंधारा नाल्याच्या प्रवाहाला आडवा असतो, तर धारक भिंत काठाला समांतर असते. सामग्रीच्या निवडीचे नियम मात्र दोन्हींस बहुतांशी सारखेच लागू पडतात.

सिमेंट काँक्रीटच्या किंवा चुनेगच्ची दगडी भिंतीच्या तुलनेने या भिंतीचे दोन विशेष आहेत. एक, ती लवचिक असते. पाया थोडा खचला, तरी ती न तडकता वाकते. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. पूर ओसरताना नदीची पातळी झपाट्याने उतरते, पण काठाच्या मातीतील पाणी तितक्या लवकर उतरत नाही आणि भिंतीला मागून रेटू लागते. भरीव भिंती पुरात टिकून पूर ओसरताना कोसळतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. गॅबियनमधून हे पाणी वाट मिळेल तेथून निघून जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराचा मोठा भाग व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा खोऱ्यात घरांच्या, रस्त्यांच्या व शेतांच्या कडा सावरण्यासाठी या भिंतीचा विचार होणे स्वाभाविक आहे. मोहाडी तालुक्यातील वरठी व तिचा परिसर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तेथे वार्षिक पाऊस सु. १,३०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. रेल्वेस्थानक (भंडारा रोड) व पोलाद कारखाना यांमुळे हे गाव जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. उपलब्ध दगड मात्र पश्चिम महाराष्ट्रातील दगडाहून अगदी निराळा आहे.

गॅबियन भिंतीच्या टिकाऊपणाची चर्चा बहुधा दगडापासून सुरू होते व तेथेच संपते. वास्तविक चांगला दगड शतकानुशतके टिकतो. भिंतीचे आयुष्य ठरते ते तारेवरून. म्हणून निवडीचा आरंभ तारेपासून करणे युक्त ठरते.

तार व जाळी : जाळी दुहेरी पिळाची व षट्‌कोणी असावी. हिच्यातील एखादी तार तुटली, तरी शेजारच्या पिळामुळे वीण उसवत नाही. कुंपणाच्या साखळीवजा जाळीची गोष्ट वेगळी आहे. तिची एक तार तुटल्यास ती वरपासून खालपर्यंत सुटत जाते व पेटीतील दगड बाहेर ओघळतात. बाजारात सहज मिळते म्हणून कुंपणाची जाळी गॅबियनसाठी वापरणे हा खोटा काटकसरीपणा होय. यंत्रावर विणलेल्या दुहेरी पिळाच्या जाळीसाठी भारतीय मानक १६०१४ उपलब्ध आहे. सामान्यतः जाळीची तार २·७ मिमी., कडेची तार ३·४ मिमी. व शिवण्याची तार २·२ मिमी. व्यासाची घेतात.

पोलादाला गंजापासून वाचविणारा भाग म्हणजे जस्ताचा लेप. २·७ मिमी. तारेवर जड लेपाच्या प्रतीत दर चौ. मी. पृष्ठास सु. २४५ ग्रॅ. जस्त असते, म्हणजे लेपाची जाडी सु. ३४ मायक्रोमीटर होते. समुद्रापासून दूरच्या, कोरड्या ग्रामीण हवेत जस्त वर्षाला सु. १ मायक्रोमीटर या गतीने झिजते. आलटून पालटून भिजणाऱ्या व वाळूने घासल्या जाणाऱ्या तळच्या पेट्यांत ही गती कितीतरी अधिक असते. विद्युत्‌ विलेपनाने जस्त चढविलेल्या स्वस्त तारेवर लेप अवघा ४ ते ८ मायक्रोमीटर असू शकतो. नवी असताना दोन्ही तारा सारख्याच चकाकतात, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही. मोरचुदाच्या विद्रावात तारेचा तुकडा ठराविक वेळ पुनःपुन्हा बुडवून पाहिल्यास लेप जेथे पातळ असेल, तेथे तांब्याचा तांबूस चिकट थर लवकर बसतो. लेपाचे नेमके वजन काढण्यासाठी तो अम्लात विरघळवून तारेतील घट मोजतात. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबण्याऐवजी प्रत्येक खेपेतील काही तुकड्यांची अशी परीक्षा करणे इष्ट असते. जस्तात सु. ५% ॲल्युमिनियम मिसळलेला लेप साध्या जस्तापेक्षा दोन ते तीन पट टिकतो व किंमतीतील वाढ त्या मानाने थोडी असते.

सतत ओल्या जागी लेपावर पॉलिव्हिनिल क्लोराइडचे सु. ०·५ मिमी. जाडीचे आवरण देतात. ते रसायनांस व घर्षणास चांगले दाद देत नाही. पण जंबुपार किरणांनी ते कालांतराने ठिसूळ होते आणि सु. ८०° से. तापमानाला मऊ पडते. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात शेतांच्या धुऱ्यांवरील गवत जाळतात, तसेच मोहफुले वेचण्यापूर्वी झाडांखालील पालापाचोळा पेटवितात. अशा जागी भिंतीच्या दर्शनी पेट्यांना हे आवरण देऊन उपयोग नाही. पाण्यातील खालच्या थरांस आवरणाची व वरच्या थरांस जस्त–ॲल्युमिनियम लेपाची तार वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दगड : दगड कठीण, जड, पाण्याने न विरघळणारा व न भुगा होणारा असावा. त्याचे आकारमान जाळीच्या छिद्राहून मोठे पाहिजे. ८ × १० सेंमी. जाळीस १० ते २० सेंमी. दगड योग्य होत. भरलेल्या पेटीत सु. ३० ते ३५% जागा पोकळीची असते. त्यामुळे २·६५ विशिष्ट गुरुत्वाच्या दगडाने भरलेल्या १ घ. मी. पेटीचे वजन सु. १·७५ टन, तर २·२ विशिष्ट गुरुत्वाच्या दगडाने सु. १·४५ टन भरते. भिंत वजनावरच उभी असल्यामुळे ही तूट पायाची रुंदी वाढवून भरून काढावी लागते.

दक्षिण ट्रॅपची पूर्व कड नागपूरच्या परिसरातून जाते [→ बेसाल्ट]. पुणे–नासिक भागात सर्वत्र हाताशी असलेला काळा दगड वरठीपर्यंत आणावयाचा, तर तो सु. ६० किमी. वाहून न्यावा लागतो. भंडारा जिल्ह्याच्या भूभागात प्रामुख्याने पट्टिताश्म आणि सौसर व साकोली या संघांतील रूपांतरित खडक आहेत. त्यांपैकी क्वॉर्ट्‌झाइट सर्वोत्तम होय. ते हवामानाने जवळजवळ बदलत नाही. त्याच्या धारदार कडा मात्र आवरण कापतात, म्हणून जाळीलगतचे दगड हाताने बसवावे लागतात. ताजा, न कुजलेला पट्टिताश्मही उत्तम असतो. याउलट अभ्रकी सुभाजा व फायलाइट यांचे पापुद्रे सुटतात. ते पाण्यात भिजून उन्हात वाळण्याच्या काही आवर्तनांतच फुटू लागतात. टेकड्यांच्या उतारावर ते फुकट मिळतात, हीच त्यांची अडचण आहे. जांभा [→ जांभा दगड] हलका व सच्छिद्र असतो. कोकणात घरबांधणीला त्याने उत्तम सेवा दिली आहे, पण प्रवाहात झिजणाऱ्या पेटीसाठी तो नको. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनीजाच्या खाणी आहेत. अशा खाणींवरील टाकाऊ दगडात जड, कठीण खडक व सुभाजा एकत्र मिसळलेले असतात. निवडून घेतल्याशिवाय तो सरसकट वापरू नये.

प्रयोगशाळा जवळ नसल्यास साध्या परीक्षाही बरेच सांगून जातात. हातोडीच्या घावाने दगड खणखणीत वाजावा, बद्द आवाज करू नये. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्याचे वजन सु. २ टक्क्यांहून अधिक वाढू नये. भिजविणे व वाळविणे दहा-बारा वेळा केल्यावर कोपरे सुटू नयेत. महत्त्वाच्या कामासाठी सोडियम सल्फेटाच्या विद्रावातील टिकाऊपणाची चाचणी घेतात.

धातुमळी : पोलाद कारखान्यांच्या परिसरात धातुमळी दगडाऐवजी वापरण्याचा विचार पुढे येतो. हवेत थंड केलेली झोतभट्टीतील मळी तुलनेने स्थिर असते, पण ती फुगीर व हलकी असू शकते. पोलाद-भट्टीतील मळी जड असते. तथापि तीत मुक्त चुना व मॅग्नेशिया राहिलेले असल्यास ते पाणी शोषून फुगतात व खडे फुटतात. शिवाय तिच्यातून झिरपणारे पाणी तीव्र क्षारीय असते आणि पीएच मूल्य १२·५ च्या वर गेल्यास जस्त वेगाने विरघळते. कित्येक महिने उघड्यावर पाणी मारून मुरविल्याखेरीज व परीक्षेखेरीज ती तारेच्या पेटीत भरणे धोक्याचे आहे.

भिंतीमागील भराव : येथील धानशेतीची कन्हार ही भारी काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. ती थेट भिंतीमागे भरल्यास भिंतीवर मोठा दाब येतो आणि निचराही होत नाही. तेथे मुरूम किंवा वाळूमिश्रित खडी थरांनी धुम्मस करून भरावी. माती पोकळ्यांतून वाहून गेल्यास भिंत उभी राहूनही मागची जमीन खचते. ते टाळण्यासाठी पेट्यांच्या पाठीला न विणलेले जिओटेक्स्टाइल लावतात किंवा वाळू, बारीक खडी व मोठी खडी यांची क्रमवार गाळणी रचतात. वैनगंगेच्या वाळूची प्रत चांगली असल्याने गाळणीचा पर्याय येथे सोयीचा पडतो. मात्र ज्या काठाचे रक्षण करावयाचे, त्याच काठालगतची वाळू उपसू नये.

भरणी : पेटी तिसऱ्या हिश्शाने भरीत जातात व प्रत्येक थरावर समोरची व मागची जाळी आडव्या तारांनी बांधतात, म्हणजे तोंड फुगत नाही. दगड यंत्राने ओतलेली भिंत वर्षभरात बसते व तिला पोट सुटते. दर्शनी दगड सांधे मोडून, जाळी नसतीच तरी उभे राहिले असते असे रचले, तर तार जीर्ण झाल्यावरही भिंत एकदम ढासळत नाही. जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळींमध्ये तार नव्हती. माती व दगड यांची नीट बांधणी एवढाच त्यांचा आधार होता. भिंतीच्या पायथ्याशी २३ ते ३० सेंमी. जाडीची दगड भरलेली चटई पात्रात पुढे अंथरतात. तळ खरवडला गेल्यास ती वाकून खड्ड्यात बसते व पाया उघडा पडत नाही.

दर पावसाळ्यानंतर खालचे दोन थर, पेट्यांच्या शिवणी व पायथ्याची चटई यांची तपासणी करावी लागते. फाटलेल्या जागी त्याच प्रतीच्या जाळीचे ठिगळ शिवतात. पोकळ्यांत गाळ बसून वाळ्यासारखे गवत रुजल्यास त्याची मुळे दगडांना बांधून ठेवतात. वड, पिंपळ व उंबर यांची रोपे मात्र लहान असतानाच काढून टाकतात, कारण त्यांची मुळे जाड होऊन तारा तोडतात.