शहर कोसळते तेव्हा कोण तरते?

११ मे १८५७, सोमवार. हिजरी १२७३ च्या रमजानचा सोळावा दिवस होता. मे महिन्यातला रोजा आणि दिल्लीचा उन्हाळा. सहरी करून, फजरची नमाज पढून लोक कामाला लागत होते, तोच मेरठहून निघालेले शिपाई यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून शहरात शिरले. त्या संध्याकाळी रोजा सोडताना कुणाला ठाऊक होते, की पुढच्या रमजानला यातले बहुतेक दिल्लीकर दिल्लीत नसतील?

१४ सप्टेंबरला इंग्रजी फौजेने हल्ला चढवला आणि आठवडाभरात शहर तिच्या ताब्यात गेले. बादशाह बहादूरशाह जफर यांना हुमायूनच्या मकबऱ्यात कैद झाली, दुसऱ्या दिवशी शहजाद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. लूट झाली, फाशीचे खांब उभे राहिले आणि जवळजवळ सारे शहर वेशीबाहेर हाकलले गेले. हिंदू रहिवाशांना १८५८ च्या सुरुवातीला परत येऊ दिले. मुसलमानांना त्यानंतरही बराच काळ परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नव्हते. जामा मशिदीत फौजेचा तळ पडला. ती नमाजींना परत मिळाली ती थेट १८६२ मध्ये.

दरबार, कचेरी, कॉलेज, वर्तमानपत्र, पेन्शन, बाजार, मशीद. माणसाला माणूस म्हणून उभे ठेवणारे सगळे खांब चार-पाच महिन्यांत कोसळले. अशा वेळी कोण तरते? हल्ली सिनेमे आपल्याला शिकवतात, की ज्याच्या तळघरात धान्य आणि हातात बंदूक तो तरला. दिल्लीच्या लोकांनी मागे ठेवलेली पत्रे, रोजनिशा आणि आठवणी वाचल्या, की चित्र निराळे दिसते.

गल्लीच्या तोंडाशी पहारा

मिर्झा गालिब तेव्हा साठीला टेकले होते. बल्लीमारानमध्ये हकीम मंडळींच्या शेजारी भाड्याच्या घरात राहायचे. शहर पडले तेव्हा ते घर सोडून गेले नाहीत आणि तरीही वाचले. कारण त्यांचे शौर्य नव्हते, पैसाही नव्हता. त्या गल्लीत हकीम महमूद खान यांचे घराणे राहत होते. हे घराणे पटियाळाच्या महाराजांचे वैद्य. महाराज इंग्रजांच्या बाजूने होते. शहर जिंकल्यावर हकिमांच्या गल्लीला हात लागणार नाही, असे वचन त्यांनी आधीच घेऊन ठेवले होते. त्याप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी पटियाळाचे शिपाई पहाऱ्यावर उभे राहिले. सारी दिल्ली लुटली जात असताना ती एक गल्ली बरीचशी सुरक्षित राहिली.

हे कशाचे फळ होते? नाडी पाहण्याचे, काढे देण्याचे, वर्षानुवर्षे एका घराण्याने दुसऱ्या घराण्याच्या आजारपणात धावून जाण्याचे. पटियाळाच्या राजवाड्यात कुणाला तरी बरे करताना हकिमांच्या मनात १८५७ नक्कीच नव्हते. पण त्या सेवेची भिंत ऐन वेळी उभी राहिली आणि तिच्या आड हकीमच नव्हे, तर शेजारीपाजारीही आले. आजूबाजूच्या माणसांनी महमूद खान यांच्या घरी आसरा घेतला, कुणी किडुकमिडुक ठेवायला आणले. त्याची किंमतही त्यांनी मोजली: फेब्रुवारी १८५८ मध्ये आसऱ्याला आलेल्यांसकट त्यांना काही दिवस कोठडीत बसावे लागले.

पहारा होता, पण पाणी नव्हते. गल्लीचे तोंड बंद, भिश्ती येईना, आतल्या विहिरीचे पाणी मचूळ. गालिबनी 'दस्तंबू' या फारसी रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की एके दिवशी पाऊस आला तेव्हा अंगणात चादर बांधली, खाली भांडे ठेवले आणि पाणी साठवले. महाकवीच्या घरची ती दोन घोट पाण्याची तजवीज वाचताना रोजेदाराच्या घशाला कोरड पडते.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ गेला. अनेक वर्षांपासून मनोरुग्ण असलेला हा भाऊ वेगळ्या घरात राहत होता. कफनाला कापड मिळेना, कबर खोदायला माणूस मिळेना, रस्त्यावर निघणे धोक्याचे. शेवटी घरातल्या दोन-तीन पांढऱ्या चादरी, दोन नोकर, काही शेजारी आणि पटियाळाचा एक शिपाई एवढ्यांवर दफनविधी झाला, तोही जवळच्या मशिदीच्या आवारात. त्या दिवशी त्या शिपायाने कुणाचा धर्म विचारला असेल असे वाटत नाही.

गालिबनी या काळातल्या मदतगारांची नावे आवर्जून नोंदवली आहेत: महेश दास, हिरा सिंग, शिवजी राम, त्यांचा मुलगा बालमुकुंद. मेरठहून पैसे पाठवणारा लाडका शागीर्द हरगोपाल तफ्ता. मुसलमान मित्र मेले होते, पळाले होते किंवा स्वतःच लपले होते. अशा वेळी घराचे दार ठोठावणारी माणसे ही होती. दोस्ती आधीची होती. संकटाने ती फक्त उजेडात आणली.

तळघरातले दागिने

आता दुसरी बाजू. गालिबच्या पत्नी उमराव बेगम यांनी घरातले दागिने आणि मौल्यवान चीजवस्तू नवऱ्याला न सांगता काले साहेब या पीरांच्या घरी पाठवल्या. जागा सगळ्यांत सुरक्षित मानलेली. ती जागाच लुटली गेली. खुद्द गालिबची शायरीही अशीच गेली. त्यांना स्वतःच्या रचना जपून ठेवायची सवय नव्हती. नवाब जियाउद्दीन खान आणि हुसेन मिर्झा या दोन स्नेह्यांकडे सगळे काही लिहून ठेवलेले असायचे. ती दोन्ही घरे लुटली गेली, पुस्तके गेली. पुढे एकदा एका फकिराच्या तोंडून स्वतःचीच गझल ऐकली, ती लिहून घेतली आणि हा माणूस रडला.

जपून ठेवलेले गेले. लोकांच्या ओठांवर सांडलेले थोडेफार परत आले.

पेन्शन बंद झाली ती तीन वर्षे. १८६० मध्ये ती थकबाकीसह मिळाली. दरम्यान घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण विकून चूल पेटत होती आणि यावरही गालिब विनोद करायचे, की दुनिया भाकरी खाते, आम्ही कपडे खातो. इंग्रज कर्नलपुढे चौकशीला उभे केले तेव्हा 'मुसलमान आहेस का?' या प्रश्नावर त्यांनी 'अर्धा' असे उत्तर दिल्याचा किस्सा हालींनी सांगितला आहे: दारू पितो, डुकराचे मांस खात नाही. कर्नल हसला. रमजानच्या पानावर हा किस्सा सांगताना थोडा संकोच वाटतो. पण ज्या दिवसांत एका शब्दावर माणसे फासावर जात होती, त्या दिवसांत समोरच्याला हसवणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि ते लिहीत राहिले. टपाल सुरू होताच पत्रांचा ओघ सुरू झाला. कोण जिवंत आहे, कोण गेले, कुठला मोहल्ला पाडला, कुणाला परवाना मिळाला. उर्दूच्या वर्गात ही पत्रे शिकवताना मुले हमखास विचारतात, 'सर, खायला नाही आणि हे पत्रे कसली लिहितात?' मी त्यांना सांगतो, की ज्याला उद्या कुणाला तरी पत्र लिहायचे आहे, त्याला उद्यापर्यंत जगावे लागते.

हातात काय घेऊन निघाला?

मौलवी मुहम्मद बाकर हे 'देहली उर्दू अखबार'चे संपादक. इंग्रजांनी त्यांना मृत्युदंड दिला. त्यांचा मुलगा मुहम्मद हुसेन आझाद तेव्हा विशी-तिशीतला. शिपाई घरात घुसले, घर सोडा म्हणाले. बरोबर घरची बावीस माणसे. भरले घर समोर होते आणि उचलता येईल तेवढेच उचलायचे होते. आझादांनी आपले उस्ताद जौक यांच्या गझलांचे बाड बगलेत मारले आणि निघाले. जौक तीन वर्षांपूर्वीच वारले होते. आझादांचा विचार असा, की उस्ताद तर गेलेच, आता ही कागदेही गेली तर ते दुसऱ्यांदा मरतील.

अनेक वर्षे वणवण करून ते लाहोरला पोहोचले, शिक्षण खात्यात लागले, गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवू लागले. १८८० मध्ये त्यांचे 'आब-ए-हयात' आले. उर्दू काव्याचा इतिहास आज आपण ज्या क्रमाने सांगतो, तो बराचसा त्या पुस्तकाने घालून दिला आहे. त्या बाडाने त्यांचे पोट भरले नाही. पण जगायला कारण दिले. दुसऱ्याची ठेव बगलेत असली, की माणूस वाटेत बसकण मारत नाही.

त्याच काळात आपल्या पेणजवळच्या वरसईचा एक तरुण भिक्षुक याच वणव्यातून वाट काढत होता. विष्णुभट गोडसे. घरी कर्ज, म्हणून बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या मध्यात सापडला. झाशीतल्या कत्तलीचे दिवस त्याने लपून काढले. कमावलेले पैसे लुटारूंनी काढून घेतले. पण त्याची विद्या मुखात होती. ती लुटता येत नव्हती. जिथे जाईल तिथे चार मंत्र म्हणून पोटापुरते मिळत होते. शेवटी घरी परतताना त्याच्या खांद्यावर सोन्याची थैली नव्हती, गंगेची कावड होती, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. १९०७ मध्ये छापून आलेला त्याचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आझादांच्या बगलेतले बाड आणि विष्णुभटाच्या खांद्यावरची कावड यांत मला फार फरक दिसत नाही.

गुण असूनही जे गेले

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तरले ते गुणी आणि मेले ते कमी गुणी, असा हिशोब कुणी मांडू नये. इमाम बख्श सहबाई हे दिल्ली कॉलेजातले फारसीचे उस्ताद, नामांकित विद्वान. सर सय्यद यांच्या 'आसार-उस-सनादीद' या दिल्लीच्या इमारतींवरील ग्रंथाला त्यांचा हात लागला होता. त्यांच्याकडे विद्या होती, शागीर्द होते, मान होता. पण ते कूचा चेलानमध्ये राहत होते आणि त्या मोहल्ल्यावर सूड उगवला गेला. मुलांसह त्यांना यमुनेकाठी नेऊन गोळ्या घातल्या. बल्लीमारान आणि कूचा चेलान एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. एका गल्लीच्या तोंडाशी पहारा होता, दुसऱ्याच्या नव्हता.

सर सय्यद मेरठहून दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या वृद्ध आई घोड्यांच्या मोतद्दाराच्या खोलीत दडून होत्या, घोड्यांच्या चंदीवर दिवस काढत होत्या. पाणी नव्हतेच. सय्यद किल्ल्यातून सुरई भरून घेऊन निघाले. वाटेत घरची म्हातारी दासी हातात भांडे घेऊन पाण्याच्या शोधात बसलेली दिसली. त्यांनी तिला पाणी दिले, तर ती खुणेने सांगू लागली, की आधी बेगम साहिबांना. पाणी पुष्कळ आहे म्हटल्यावर ती प्यायली आणि तिथेच आडवी होऊन वारली. आईही मेरठला नेल्यावर फार दिवस जगल्या नाहीत.

ती दासी तरली नाही. पण दीडशेहून अधिक वर्षांनी आपण तिच्याबद्दल वाचतो आहोत. मला विचाराल तर त्या पडत्या शहरात सर्वांत ताठ उभी राहिलेली व्यक्ती तीच होती. आम्ही तेरा-चौदा तास पाण्यावाचून राहतो ते या एका हालचालीचा सराव म्हणून: आपली तहान पूर्ण शाबूत असताना दुसऱ्याकडे बोट दाखवता यावे.

आधी कमावलेले

मग ज्यांनी पुन्हा उभे केले त्यांनी काय केले? १८६६ मध्ये देवबंदला मदरसा सुरू झाला, तो दरबाराच्या जहागिरीवर नाही, तर सामान्य लोकांच्या छोट्या छोट्या चंद्यावर. सर सय्यद यांनी १८७५ मध्ये अलीगढची शाळा उभारली. हकीम महमूद खान यांचे पुत्र हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी एका छताखाली शिकवणारे तिब्बिया कॉलेज काढले. १९२० मध्ये जामिया मिल्लियाच्या स्थापनेतही ते पुढे होते. तिघांच्या वाटा वेगळ्या, एकमेकांशी न पटणाऱ्याही. साम्य एवढेच, की तिन्ही ठिकाणी माणसे जोडूनच काम उभे राहिले.

दिल्लीच्या या कहाणीत तारून नेणाऱ्या गोष्टी मोजक्याच दिसतात: अंगात असलेले हुन्नर, थोडक्यात भागवण्याची सवय, दुसऱ्याची ठेव जपण्याची जबाबदारी, जमल्यास थोडे हसू आणि सर्वांत आधी, आपल्या जातीधर्माच्या पलीकडे जोडलेली माणसे. यातली एकही गोष्ट संकट आल्यावर बाजारात विकत मिळत नाही. फित्रा ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो, कारण ईद उजाडल्यावर गरिबाने हात पसरायला नको. तसेच हे. आज इफ्तारीची एक थाळी जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णींकडे, समोरच्या गायकवाडांकडे जाते, दिवाळीत तीच थाळी फराळ घेऊन परत येते. आपण तिला रीतभात म्हणतो. बल्लीमारानच्या गल्लीतल्या लोकांनी तिला पहारा म्हटले असते.