नॉर्मॅलिटी की नॉर्मल्सी?

इंग्रजीच्या तासाला दर वर्षी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच: ‘नॉर्मल’ या विशेषणाचे भाववाचक नाम कोणते, नॉर्मॅलिटी की नॉर्मल्सी? इंग्रजी वृत्तपत्रांत सर्रास नॉर्मल्सी छापलेले असते आणि जुन्या वळणाचे प्राध्यापक त्याखाली लाल रेघ ओढतात. दोन्ही पक्षांचे थोडेथोडे बरोबर आहे. पण खरी गंमत, आणि खरा घोटाळाही, प्रत्ययात नसून मूळ विशेषणातच आहे. म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. चौकट काटकोनात बसली की नाही हे पाहण्यासाठी आपला सुतार जो लावून पाहतो तोच. तेव्हा नॉर्मल म्हणजे प्रथम काटकोनातले, लंब. भूमितीने आणि पदार्थविज्ञानाने हा जुना अर्थ अजून सोडलेला नाही. आरशावर आपात बिंदूपाशी आपण शाळेत जी ‘स्तंभिका’ काढत होतो, तिलाच इंग्रजी पुस्तकात ‘नॉर्मल’ म्हणतात. जे गुण्यात मावत नाही ते ‘एनॉर्मस’. आज त्यातला गुण्या कोणाला दिसत नाही, नुसता ‘प्रचंड’पणा तेवढा शिल्लक राहिला आहे.

गुण्याचे काम नुसते मोजणे नव्हे. चुकले असेल तर ते दाखवून देणे. त्यामुळे शब्दाला ‘नियमाला धरून असलेले’ असा दुसरा अर्थ सहज चिकटला. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये १७९४ साली शिक्षक तयार करण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ काढण्याचे ठरले. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे १८३९ साली सरकारी नॉर्मल स्कूल निघाले, आणि गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आपल्याकडेही अशा शाळांना हेच नाव होते. आजच्या विद्यार्थ्याला वाटेल, मग बाकीच्या शाळा काय अ‍ॅबनॉर्मल होत्या? पण तेथे नॉर्मल म्हणजे नेहमीची शाळा नव्हे, तर इतरांना नमुना घालून देणारी शाळा.

तिसरा अर्थ संख्याशास्त्रातून बळावला. बेल्जियमच्या केतले या विद्वानाने १८४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे मांडली. सरासरी चाळीस इंचांच्या आसपास. तिच्याजवळ गर्दी, दोन्ही टोकांना तुरळक माणसे. येथवर ठीक. पण केतलेने पुढे असे मानले, की सरासरी हेच निसर्गाचे लक्ष्य आणि बाकीचे सारे म्हणजे नेम चुकल्याच्या खुणा! जे बहुधा ‘असते’ आणि जे ‘असावे’, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी येथे एका शब्दात येऊन बसल्या. त्या घंटेच्या आकाराच्या आलेखाला ‘नॉर्मल’ हे नाव रूढ करण्यात कार्ल पिअर्सनचा मोठा वाटा. परंतु या नावामुळे इतर आलेख अ‍ॅबनॉर्मल आहेत असा लोकांचा समज होतो, हे पुढे १९२० साली त्यानेच कबूल केले. मराठी परिभाषेने ‘सामान्य’ असे न म्हणता ‘प्रसामान्य’ असा निराळा शब्द घडवला, तो कानाला खडबडीत लागला तरी शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

हा घोटाळा पुस्तकापुरता राहत नाही. शंभर माणसांत साधारण दहा डावखुरी निघतात. म्हणजे डावखुरेपणा कमी आढळतो, एवढेच. पण ‘नॉर्मल मुले उजव्या हाताने लिहितात’ असे वाक्य वर्गात उच्चारले की हातावर पट्टी बसायला वेळ लागत नाही. उलट किडका दात मोठ्या माणसांत घरोघर सापडतो, म्हणून दाताचा डॉक्टर त्याला नॉर्मल म्हणत नाही. पहिल्या वाक्यात आपण मोजणी केली आणि निकाल मात्र नियमाचा दिला. दुसऱ्या उदाहरणात तसे करण्याचे आपल्या मनातही येत नाही. ‘ही मुलगी नॉर्मल नाही’, असे शेजारी म्हणतात तेव्हा त्यांनी कशाची मोजणी केलेली असते?

आकडा असला म्हणजे तरी भागते का? थर्मामीटरवरचे ९८.६ घ्या. जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून सरासरी काढली ती ३७ अंश सेल्सिअस. तिचे फॅरनहाइट केले आणि ९८.६ झाले, दशांश चिन्हामुळे त्याला उगाचच काटेकोरपणाचा रुबाब आला. १९९२ साली अमेरिकेत निरोगी प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. शिवाय एकाच माणसाचे तापमान सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. तरीही ‘ताप नॉर्मलवर आला’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर तोच एक आकडा असतो.

आता मूळ प्रश्न. ‘फॉर्मल’चे फॉर्मॅलिटी, ‘लीगल’चे लीगॅलिटी, तसे नॉर्मलचे नॉर्मॅलिटी हे नियमाला धरून झाले. ‘सी’ हा प्रत्यय बहुधा ‘प्रायव्हेट’, ‘अ‍ॅक्युरेट’ अशा ट-कारान्त शब्दांना लागतो. म्हणून नॉर्मल्सी वैयाकरणांना खटकते; फाउलर यांनी आपल्या १९२६ च्या कोशात या शब्दाला नाके मुरडलीच आहेत. मात्र हा शब्द अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांनी अज्ञानाने बनवला, ही आख्यायिका खोटी आहे. १८५० च्या दशकातल्या एका गणितकोशात तो सापडतो. हार्डिंग यांनी १९२० च्या निवडणुकीत तो गाजवला, एवढे खरे. महायुद्ध, इन्फ्लुएंझाची साथ, संप, दंगे यांनी त्रासलेल्या लोकांना त्यांनी नॉर्मल्सीकडे परतण्याचे वचन दिले. भाषापंडितांनी टिंगल केली. मतदारांनी सुमारे साठ टक्के मते दिली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२० साली दुसऱ्या साथीत, जग ‘न्यू नॉर्मल’ म्हणू लागले. परतण्याची भाषा तेव्हा कोणाला झेपत नव्हती असे दिसते.

परीक्षेपुरते सांगायचे तर, रसायनशास्त्रात द्रावणाची नॉर्मॅलिटीच, संख्याशास्त्रातही नॉर्मॅलिटीच. तेथे दुसरा शब्द चालणार नाही. परिस्थिती निवळली अशा अर्थी भारतीय आणि अमेरिकन इंग्रजीत नॉर्मल्सी रुळलेला आहे, त्याला चूक म्हणू नये.

आणि परिस्थिती निवळणे म्हणजे काय? संचारबंदी उठते, बस सुरू होतात, इंग्रजी बातमीत नॉर्मल्सी येते. मराठी बातमीदार लिहितो ‘जनजीवन पूर्वपदावर’, कन्नड बातमीदार लिहितो ‘सहज स्थिती’. मराठी शब्द फक्त मागे बघतो: काल होते तसे आज झाले. ते काल चांगले होते की वाईट, हे तो सांगत नाही. ज्याचे दुकान जळाले त्याला मात्र त्या ‘पूर्वपदा’त जागा कोठे आहे, असा प्रश्न पडतोच. कन्नड शब्द म्हणतो, जन्मजात जे आहे तिकडे परत आलो. म्हणजे शांतता हीच मूळची, दंगल उपरी. दोहोंत नेमका कोणता शब्द अधिक खरा, हे आमच्या कन्नड विभागातील मित्रांनी पुढच्या अंकात लिहिले तर वाचायला आवडेल.