बाबासाहेबांच्या तळटीपांतील दोन स्कॉट पंडित

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचा सातवा खंड १९९० साली प्रकाशित झाला. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा त्यांचा १९४६ चा मूळ इंग्रजी ग्रंथ या खंडात आहे. नातेपुते येथे या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालू असता उपासकांनी पृच्छा केली की, तळटीपांत वारंवार येणारा हा म्यूर कोण? प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या पाठीशी एक जुना आक्षेपही उभा आहे. फुले-आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवर जे लिहिले ते पाद्र्यांच्या पुस्तकांतून उसने घेतलेले आहे, असे आमचे विरोधक सांगत आले. तेव्हा ही स्कॉट मंडळी कोण होती व त्यांच्यापासून नेमके काय घेतले गेले, हे पाहणे अगत्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून पुष्कळ विद्वान या देशी आले. तेथील प्रेस्बिटेरियन पंथात धर्मोपदेशकास हिब्रू व ग्रीक भाषांचे शिक्षण घ्यावे लागे. मूळ पोथी वाचल्यावाचून धर्मावर बोलू नये, ही शिस्त त्या समाजात मुरलेली होती. १८२९ साली मुंबईस आलेले जॉन विल्सन याच परंपरेतले. विल्सन महाविद्यालयामुळे त्यांचे नाव आपणांस परिचित आहे. पश्चिम भारतातील लेण्यांवर त्यांनी लिहिलेला विस्तृत निबंध १८५० साली प्रसिद्ध झाला. ज्या विहारांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणत, ती बौद्ध भिक्खूंची वसतिस्थाने होती हे सप्रमाण मांडण्याच्या कार्यात त्यांचाही वाटा आहे. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतिराव फुले शिकले, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु बाबासाहेबांच्या ग्रंथांशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो ते दोघे निराळे.

त्यांपैकी पहिले जॉन म्यूर. त्यांचा जन्म १८१० साली ग्लासगो येथे झाला. ते पाद्री नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी होते. अलाहाबाद, आग्रा, आझमगड, फत्तेपूर या बाजूस त्यांनी नोकरी केली व काही काळ काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुखपदही सांभाळले. १८३९ साली त्यांनी ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ रचून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले. त्यावर तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे लिहिली. त्यांतील एक नीळकंठशास्त्री गोऱ्हे. पुढे १८४८ मध्ये हेच गोऱ्हे ख्रिस्ती झाले! दुसऱ्याने ‘सोमनाथ’ हे नाव घेतले होते; तो सुबाजी बापू नावाचा मराठी पंडित असावा असे अभ्यासक मानतात. आम्हांस याचे विशेष महत्त्व वाटते, कारण त्याच १८३९ साली अश्वघोषाच्या नावे असलेली ‘वज्रसूची’ ही जातिखंडनाची बौद्ध कृती कंपनीचा अधिकारी विल्किन्सन याने छापविली, तेव्हा सोबत तिचे खंडन करणारी टीका जोडली ती याच सुबाजी बापूंची. वज्रसूची छापायची तर तिच्या गळ्यात तिचे खंडनही बांधायचे, असा तो काळ होता.

म्यूर १८५३ साली सेवानिवृत्त होऊन एडिंबरोस स्थायिक झाले. १८६२ मध्ये त्यांनी तेथील विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापन करविले, व १८८२ साली ते निवर्तले. निवृत्तीनंतर त्यांनी मूळ संस्कृत वचनांचा जो संग्रह सिद्ध केला, त्याचे पाच भाग १८५८ ते १८७० या काळात निघाले. पहिलाच भाग चातुर्वर्ण्याच्या उत्पत्तीविषयी आहे. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. वेद, ब्राह्मणे, महाभारत, रामायण, पुराणे यांत वर्णोत्पत्तीविषयी जे जे सांगितले आहे ते मूळ संस्कृतात द्यावे, त्याखाली इंग्रजी भाषांतर द्यावे, आणि सर्व वचने शेजारी शेजारी मांडावीत. अशी मांडणी होताच एक गोष्ट उघडी पडते. पुरुषसूक्त म्हणते, शूद्र विराट पुरुषाच्या पायांपासून झाला. तैत्तिरीय ब्राह्मणात एके ठिकाणी ब्राह्मण देवांपासून व शूद्र असुरांपासून झाल्याचे सांगितले आहे, तर त्याच ग्रंथात अन्यत्र वैश्य ऋग्वेदापासून, क्षत्रिय यजुर्वेदापासून व ब्राह्मण सामवेदापासून, असा वेगळाच हिशेब आहे. तेथे शूद्राचा उल्लेखच नाही. शतपथ ब्राह्मण आणखी तिसरे काही सांगते. जी व्यवस्था ईश्वरनिर्मित म्हणून मिरविली जाते, तिच्या जन्माविषयी धर्मग्रंथांतच एकवाक्यता नाही!

हे ग्रंथ बाबासाहेबांना इतके का लागले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. विद्यार्थिदशेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते, परंतु अस्पृश्य म्हणून तो विषय नाकारला गेला व त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वकष्टाने संस्कृताचा अभ्यास केला. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’च्या प्रस्तावनेत संस्कृतवरील प्रभुत्वाची उणीव ते मोकळेपणाने मान्य करतात, आणि संस्कृत वाङ्मयाचा बहुतेक भाग इंग्रजीत उपलब्ध असल्याने ती उणीव आड येत नाही असेही बजावतात. शाळेच्या दाराशी जे अडविले गेले होते, ते म्यूरच्या खंडांतून मूळ वचनांसह हाती आले.

आता उसनवारीच्या आक्षेपाकडे वळू. म्यूरकडून बाबासाहेबांनी घेतली ती वचने; निष्कर्ष त्यांचे स्वतःचे आहेत. शूद्र हे मूळचे क्षत्रियांपैकीच होते, ब्राह्मणांशी झालेल्या संघर्षात त्यांचे उपनयन बंद करण्यात आले व ते खाली ढकलले जाऊन चौथा वर्ण निर्माण झाला, हा सिद्धांत म्यूरच्या ग्रंथात कोठेही नाही. ब्राह्मण-क्षत्रियांच्या संघर्षाच्या, वसिष्ठ-विश्वामित्रांच्या कथा म्यूरने गोळा केल्या होत्या. त्यांतून इतिहास काढला तो बाबासाहेबांनी. इतकेच नव्हे, तर आर्य लोक हिमालयापलीकडून आले हे दाखविण्यासाठी म्यूरने संपूर्ण दुसरा भाग खर्ची घातला, आणि आर्यवंशाच्या स्वारीचा सिद्धांत तर बाबासाहेबांनी याच ग्रंथात साफ फेटाळला आहे. उसना माल घेणारा मनुष्य सावकाराशी असा वाद घालीत नाही. हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे तो महात्मा फुले यांस.

दुसरे पंडित विल्यम रॉबर्टसन स्मिथ, जन्म १८४६, अ‍ॅबरडीनशायर. १८७० साली ते फ्री चर्चच्या अ‍ॅबरडीन येथील विद्यालयात हिब्रूचे अध्यापक झाले. १८७५ मध्ये ‘ब्रिटानिका’ विश्वकोशात त्यांनी बायबलवर लेख लिहिला व त्या ग्रंथाची चिकित्सा इतर कोणत्याही प्राचीन ग्रंथाप्रमाणे केली. त्यावरून पाखंडाचा खटला उभा राहिला आणि १८८१ साली त्यांना अध्यापकपदावरून दूर करण्यात आले. पुढे ते त्याच विश्वकोशाचे संपादक झाले, केंब्रिजला अरबीचे अध्यापक झाले, आणि १८९४ मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सेमिटिक लोकांच्या धर्मावरील त्यांचा ग्रंथ १८८९ चा. प्राचीन समाजात धर्म हा व्यक्तीने पारखून घेतलेला विश्वास नव्हता. मनुष्य ज्या समाजात जन्मला त्याचा देव तोच त्याचा देव, आणि मताहून विधीला महत्त्व अधिक, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. बाबासाहेबांनी ‘हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान’ या प्रबंधात स्मिथचे दीर्घ उतारे घेतले आहेत. प्राचीन व आधुनिक समाजांच्या धर्मकल्पनांत कोणती क्रांती घडून आली हे त्यांच्या आधारे दाखवून ते पुढचे पाऊल टाकतात: धर्माची कसोटी न्याय ही असली पाहिजे, आणि त्या कसोटीवर हिंदू धर्म कोठे उतरतो? हा प्रश्न स्मिथला पडलेला नव्हता, पडण्याचे कारणही नव्हते. बाबासाहेबांच्या हयातीत हा प्रबंध छापला गेला नाही. तो १९८७ साली तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाला, आणि स्मिथचे ते उतारे त्याच्या आरंभीच्या भागात वाचावयास मिळतात.