डोंगरावरून उडणारा माणूस

घार आपण सर्वांनी पाहिली आहे. पंख न हलवता ती कड्यावर तरंगते. हे कसे होते? वारा डोंगरावर आदळतो. पुढे वाट नसते, म्हणून तो उताराने वर चढतो. तोच घारीला उचलून धरतो.

जर्मनीत ओटो लिलिएन्थाल नावाचा इंजिनिअर होता. त्याने लवचीक काठ्या व सुती कापड यांचे पंख केले. १८९१ पासून तो टेकडीवरून, वाऱ्याकडे तोंड करून धावत सुटे आणि उडे. इंजिन नाही, काही नाही! डावा पंख खाली गेला की तो पाय उजवीकडे टाकी व तोल सावरी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेतच त्याची गती मोडली. तो खाली कोसळला व दुसऱ्या दिवशी वारला.

आज अशा पंखांना हँग ग्लायडर म्हणतात. माणूस त्याखाली पट्ट्यांनी पालथा लटकतो. समोरचा दांडा धरून अंग सरकवतो, तसा पंख वळतो. पण वारा पाठीमागून आला तर कड्यावर हवा वर चढत नाही, खाली उतरते. तेव्हा जाणता माणूस उडत नाही, बसून राहतो. वेळ पडली तर पंख गुंडाळून घरी जातो. यात कसला आला कमीपणा? लिलिएन्थालसारख्याला वाऱ्याने सोडले नाही, तिथे आपली काय कथा!