खत आधी कोणाच्या वाट्याला?

महाड-पोलादपूर भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात भातखाचरात फेकलेल्या युरियाचे काय होते? युरियात ४६ टक्के नत्र असते, पण त्यातले निम्म्याहून अधिक बहुधा वायाच जाते. असे का, याचे उत्तर मातीतल्या जिवाणूंपाशी आहे.

युरिया पाण्यात विरघळला की जिवाणूंनी तयार केलेल्या युरिएज या विकरामुळे त्याचे अमोनियम होते. काही भाग अमोनिया वायू बनून उडतो. खाचरातील चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरातच प्राणवायू असतो. तेथील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट झिरपून खाली जाते. खाली प्राणवायू नसल्याने तेथील जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत जाते. शेतकऱ्याचे पैसे असे हवेत विरतात!

यावर कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत साधा उपाय आहे. युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे प्राणवायू नाही, म्हणून नायट्रेट बनत नाही. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते व मुळांना हळूहळू मिळते.

मग शेणखत कशाला? जिवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि तो युरियातून मिळत नाही. शेणखत व पाला त्यांना तो पुरवतात. राब भाजताना हेच शेण आणि पाला जळतो. राखेत पालाश उरते, पण कर्ब आणि बरेचसे नत्र धुराबरोबर जाते. मात्र सर्वच सेंद्रिय पदार्थ सारखे नव्हेत. नुसता पेंढा गाडला तर तो कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि रोपे काही काळ पिवळी पडतात. गिरिपुष्पाच्या पाल्यात नत्र भरपूर असल्याने तो लवकर कुजून पिकाला नत्र देतो.

शाळेत हे पडताळून पाहता येईल. तीन कुंड्यांत एकच माती घ्या. एकीत शेणखत मिसळा, दुसरीत चिमूटभर युरिया, तिसरी तशीच ठेवा. प्रत्येकीत सुती कापडाचा सारखा तुकडा पुरा आणि माती ओलसर ठेवा. महिन्याने तुकडे काढून तुलना करा. कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे कर्बयुक्त पदार्थ. ते कुठे लवकर कुजेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी कारणासह आधीच वहीत लिहून ठेवावा.